तरंग धरणाऱ्याची सायकल

कृष्णनाथाच्या हातातला तरंग कधी जमिनीला टेकला नाही, ही वरच्या वाडीची मिळकत होती. चोपड्याच्या धक्क्यावरून चढण चढून आले की ही वाडी लागते. चौथीपर्यंत शाळा, एक दुकान आणि रवळनाथाचे देऊळ. पाहुण्याला दाखवावे असे आणखी काही नव्हते. म्हणून पाहुणा आला की त्याला कृष्णनाथ दाखवीत.

तरंग म्हणजे दोन पुरुष उंचीचा खांब. खालपासून वरपर्यंत लुगडी गुंडाळलेली, माथ्यावर पितळी मुखवटा आणि छत्री. दसऱ्याला देव देवळाबाहेर पडतो तो या खांबातून. खांबाचा बुंधा कमरेच्या झोळीत घेऊन धरणारा उभा राहतो, ढोल सुरू होतात, आणि थोड्या वेळाने त्याच्या अंगात अवसर येतो. मग खांब डोलतो, छत्री गरगरते, आणि देव माणसाच्या तोंडाने बोलू लागतो. ज्याच्या अंगात देव येतो त्याला वाडीत 'झाड' म्हणतात. झाडाला स्वतःचे मत नसते. वारा येईल तसे हलावे, एवढेच त्याचे काम.

देवळाचे मानकरी गोकुळदासशेट देवाला ठरलेले प्रश्न विचारीत. पाऊस कसा, भात कसे, गुरांना रोगराई आहे का. शेवटचा प्रश्नही ठरलेला: "झाड नेमात आसा?" देव म्हणे, "आहे." हा प्रश्न कोणी ऐकत नसे, कारण तोवर सगळे आपट्याची पाने घ्यायला वळलेले असत. नेम साधाच होता. घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत एकवेळ जेवण, पायात वहाण नाही, आणि कुठल्याही वाहनात बसायचे नाही.

कृष्णनाथाची नोकरी मात्र वाहनावरच होती. तो चोपडे–शिवोली फेरीबोटीवर खलाशी होता. बोट काठाला लागली की साखळी सोडून पुढचा लोखंडी उतार खाली पाडायचा, दोर बांधायचा, माणसे उतरली की दोर सोडायचा. त्याचा बापही तरंग धरायचा आणि त्याच नदीत होडी चालवायचा. तेव्हाच वाडीने निकाल दिला होता की माणसाला नदी नेते, होडी नेत नाही, म्हणून होडी वाहनात धरू नये. तो निकाल पुढे फेरीबोटीलाही लागू झाला. इंजिनाबद्दल देवाला कोणी विचारले नाही.

दिवसभर तो नदी ओलांडत असे आणि संध्याकाळी जिथून निघाला तिथेच असे. शिवोलीच्या काठावर उतरून चार पावले पुढे जावे, असे त्याला फारसे कधी वाटले नव्हते. सकाळच्या पहिल्या फेरीला पोदेर, म्हणजे पाववाला, येई. सायकलच्या मागे पावाची मोठी टोपली, त्यावर ताडपत्री. सायकल भिंतीला टेकवावी तशी तो ती स्वतःच्या मांडीला टेकवून उभा राही आणि बोट लागली रे लागली की उडी मारून निघून जाई. कृष्णनाथ उतार पाडायचा तो या पोदेरासाठी, असेच काही वर्षे चालले होते.

त्याला सायकल येत नव्हती. वाडीतली सगळी मुले पोटऱ्या सोलून घेत शिकली तेव्हा बापाने त्याला ओढून घरात नेले होते. "तुझो पाय मोडलो तर तरंग बाबलीच्या घरात जातलो," बाप म्हणाला होता. बाबली हा चुलत भाऊ, दोनेक वर्षांनी धाकटा. मोडायला मोकळे असलेले पाय घेऊन तो त्या दिवशी संध्याकाळपर्यंत सायकल शिकला. मोठेपणी तरंगाशेजारी अब्दागीर धरायचे काम त्याच्याकडे आले. अब्दागीर म्हणजे देवावर सावली धरायचे कापडी सूर्यपान. ते धरायला अंगात देव यावा लागत नाही. बाबली वीसेक वर्षे ते धरून तरंगाकडे बघत होता. त्याने कधी तोंडातून वावगा शब्द काढला नाही. रोज उठून तो कृष्णनाथाच्या तब्येतीची चौकशी मात्र करी.

ज्या वर्षी हे झाले त्या वर्षी गोव्यात सगळेच भांडत होते. कोकणी ही भाषा की बोली, राजभाषा मराठी की कोकणी, घटक राज्य कधी होणार. बंद वरचेवर होत. गोकुळदासशेटच्या दुकानाच्या बाकावर शाळेचे रघुनाथ मास्तर रोज संध्याकाळी बसत आणि आपला हुकमी पुरावा मांडीत: "आमचा देव कुठल्या भाषेत बोलतो? मराठीत! कृष्णनाथाच्या तोंडून 'पाऊस पडेल, लेकरांनो' असे येते. 'पावस पडतलो' असे येते का कधी?" हे खरे होते. देव अंगात आला की पुस्तकी मराठी बोले. कृष्णनाथाचे शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे हा पुरावा आणखीच भक्कम ठरे. त्याला विचारले तर तो म्हणे, "माका काय आठवणा नाय, मास्तर." आणि तेही खरेच होते. ढोल सुरू झाले की काळोख येई, तो काळोख गेला की लोक त्याला पाणी पाजत असत. मध्ये काय झाले ते लोक सांगतील तसे.

उन्हाळ्यात कृष्णनाथाच्या बायकोचा, सुमंगलाचा, भाऊ मधुकर मुरगावहून आला. तो बंदरात कामाला होता आणि त्याने नवी स्कूटर घेतली होती. जुनी सायकल टाकवत नाही म्हणून त्याने ती बहिणीच्या पडवीत आणून उभी केली.

"भावजी, पडली तर पडूं दे हय," तो म्हणाला.

पावसाळाभर ती तिथे होती. हॅन्डलवर पंचा, दांड्यावर लुगडे, कॅरियरवर वाळत घातलेली कोकमाची सोले. चतुर्थी झाली, गणपती पोचवला, आणि दुसऱ्याच दिवशी कोणीतरी बंद पुकारला. फेरीबोट काठाला बांधून ठेवली. कामाच्या दिवशी घरी बसायची सवय नसलेला कृष्णनाथ मागच्या जनेलापाशी उभा होता. बाहेर त्याने जे पाहिले ते त्याला आधी समजलेच नाही. त्याची बायको, चाळिशीच्या पुढची, लुगड्याचा काष्टा खोचून परसातल्या माडांमधून सायकलवर चालली होती. एका माडाला वळसा, दुसऱ्या माडाला वळसा. तोंडात आंब्याची फोड असावी तसा चेहरा.

"गो!" तो ओरडला.

ती उतरली. लाजली नाही. "सावंतवाडीक तळ्याच्या काठार शिकलेलंय. भाड्याची सायकल मिळा थय."

"माका कधी सांगलंस नाय?"

"तुमी कधी इचारलास?"

लग्नाला इतकी वर्षे होऊन आपल्या बायकोला तोल सांभाळता येतो हे कळणे, हा त्याला धक्का होता. वाडीच्या समजुतीप्रमाणे हे काम त्याचे एकट्याचे होते. त्याने सायकलच्या हॅन्डलवरून हात फिरवला. मग म्हणाला, "कठीण आसता?"

"तुमका? देव डोक्यार घेवन नाचतास तुमी. तुमका ह्यां काय?"

म्हणून त्यांनी वर सड्यावर जायचे ठरवले. वाडीच्या डोक्यावर जांभ्याचा सपाट सडा आहे. पावसानंतर तिथे गुडघाभर गवत असते, मधून गाडीवाट जाते, आणि गुराखी सोडला तर कोणी फिरकत नाही. कोणी बघू नये हे महत्त्वाचे होते. झाड पडलेले बघणे वाडीला परवडणारे नव्हते.

आणि झाड पडले. सरळ पडले, उजवीकडे पडले, वळताना पडले, उभ्या सायकलवरूनही पडले. देव डोक्यावर घेऊन नाचणाऱ्या माणसाला दोन चाके जमेनात. सुमंगला सीट धरून मागून धावत होती.

"अवो, हॅन्डल म्हणजे तरंग नाय! इतक्या आवळून कित्याक धरतास?"

"मगे पडतलंय."

"धरलास म्हणानच पडतास. आणि पायाकडे कित्याक बघतास? पाय खय पळान जाणत नाय. लांब बघा. त्या काजीच्या झाडाकडे."

तरंग धरताना तो डोळे मिटीत असे. डोळे उघडे ठेवून तोल सांभाळायचा ही गोष्टच त्याला नवी होती. आठवडाभर सकाळची फेरी सुरू व्हायच्या आधी दोघे सड्यावर जात. कोपरे सोलली, नडगीला काळानिळा डाग पडला. आणि एका सकाळी त्याने काजीच्या झाडाकडे बघितले. झाड मोठे होत होत जवळ आले, आणि मागून येणारा बायकोच्या धापांचा आवाज बंद झालेला त्याच्या लक्षात आला. ती फार मागे कमरेवर हात ठेवून उभी होती. सायकल चालत होती. ढोल नव्हते, धूप नव्हता, कोणी काही विचारणार नव्हते. वारा कानात शिरत होता. कृष्णनाथाच्या तोंडून एक आवाज निघाला, तो त्याने स्वतःही पूर्वी ऐकला नव्हता. तो हसत होता.

काजीच्या झाडावर आपटून तो थांबला, कारण ब्रेकचे शिकवणे अजून राहिले होते.

त्या दिवशी बोटीवर तो उतार पाडायला विसरला आणि पोदेर म्हणाला, "कृष्णनाथ, खंय आसा तूं आज?" तो सड्यावर होता. अवसरातले त्याला कधीच काही आठवत नसे. सड्यावरचे मात्र सगळे आठवत होते. गवताच्या तुऱ्यावरचे दव, साखळीची करकर, एक टिटवी उडाली ती कुठल्या बाजूला, हेसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी झाले होते आणि ते होताना तो स्वतः हजर होता.

प्रेमात पडलेल्या माणसासारखा तो बेसावध झाला. सड्यावरचे गुपित वाडीच्या वाटेवर आले, वाटेवरून धक्क्याच्या उतारावर. उतार म्हटला की ब्रेक हवा, आणि मधुकरच्या सायकलचा पुढचा ब्रेक मुरगावातच राहिला होता. एका संध्याकाळी गोकुळदासशेटच्या दुकानासमोर, चहाचे पेले हातात घेतलेल्या माणसांच्या डोळ्यांदेखत, रवळनाथाचे झाड सुसाट येऊन व्हाळात गेले.

व्हाळ म्हणजे वाटेकडेचा ओढा; पाणी कमरेएवढे होते. कृष्णनाथ उभा राहिला, डोक्यावर केवड्याचे पान.

"देवाक डबलशीट घेतलेलंस काय रे?" कोणीतरी विचारले.

"घेतलेलो," गोकुळदासशेट म्हणाले. "पण देव वळणार उडी मारून उतारलो. हो एकटोच इलो."

हशा झाला. बाबली हसला नाही. तो व्हाळात उतरला, सायकल ओढून बाहेर काढली, कृष्णनाथाला हात दिला आणि काळजीने म्हणाला, "दादा, पाय बरो आसा मां?" पाय बरा होता. बाबलीने तो नीट बघून खात्री करून घेतली.

घट बसायच्या आदल्या संध्याकाळी देवळात बैठक भरली. बाबली कधी बोलत नसे, तो उभा राहिला. "माझा काय म्हणणा नाय," तो म्हणाला. "दादाचो तरंग दादाकडे. माका फकत समजूक व्हया. नेमात वाहन बसणा नाय. मगे सायकल वाहन काय वाहन नाय?"

त्या दिवसांत गोव्यातल्या माणसांना अशा प्रश्नांची सवय झाली होती. कोकणी बोली की भाषा यावर ज्यांनी दुकानाच्या बाकावर वर्षभर घसा कोरडा केला होता तेच आता सायकलवर बसले. रघुनाथ मास्तर म्हणाले, "जे माणसाला वाहून नेते ते वाहन. विषय संपला." दुसरा म्हणाला, "चढणीर माणूसच सायकलीक व्हावन न्हेता. मगे वाहन कोण?" तिसरा म्हणाला, बैलगाडी वाहन, कारण बैल ओढतो, सायकल स्वतःच ओढायची, म्हणजे ते चालणेच, बसून. चौथ्याने होडीचा जुना निकाल काढला. मास्तर म्हणाले की तो निकालच मुळात चुकीचा होता. त्यावर सगळ्यांनी खलाशाकडे पाहिले आणि विषय बदलला, कारण तो निकाल मोडला तर इतक्या वर्षांचे सगळे अवसर बाद होत होते.

शेवटी कौल लावायचे ठरले. गुरवाने देवाच्या छातीवर उजवीकडे आणि डावीकडे फुलाच्या ओल्या पाकळ्या लावल्या. गोकुळदासशेटनी गाऱ्हाणे घातले: सायकल वाहन असेल तर उजवी दे, नसेल तर डावी दे. सगळे पाकळ्यांकडे बघत बसले. समईची वात दोनदा पुढे सारावी लागली. मग दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

असे आपल्या आठवणीत झालेले नाही, असे गुरव म्हणाला. पुढल्या वर्षी सरकारने कोकणीला राजभाषा केले आणि मराठी वापरायलाही मोकळीक ठेवली, तेव्हा रघुनाथ मास्तरांना या दोन पाकळ्या आठवल्या. पण ते कोणाला काही बोलले नाहीत.

देवाने हात झटकल्यावर माणसांना निर्णय घ्यावा लागला. नेमाचे दिवस सायकलला हात लावायचा नाही; एरवी पडायचे तितके पडावे. कृष्णनाथाने तरंगाला हात लावून कबूल केले. सोपे होते. वर्षाकाठी नऊ दिवस. मोडला तर तरंग बाबलीकडे, हे कोणी बोलले नाही. बोलायची गरज नव्हती. बाबली समईत तेल घालीत होता.

पहिले दिवस बरे गेले. तो अनवाणी धक्क्यावर उतरायचा, अनवाणी चढायचा. सायकल पडवीत होती. सुमंगलाने मुद्दाम तिच्यावर गोधडी वाळत घातली, म्हणजे दिसू नये. पण गोधडीखालून चाक दिसत होते. पोदेर आला की कृष्णनाथ नदीकडे तोंड करून उभा राही. वाटेने चालताना त्याला कळू लागले की हा चढ इतका मोठा कधीच नव्हता, आणि हा उतार असा फुकट घालवण्यासारखा नाही. जेवताना तो म्हणाला, "चालणां म्हणजे एक पाय उचलूचो, मगे दुसरो उचलूचो. ह्यां काय खरां नाय."

"नऊ दीस," सुमंगला म्हणाली. "बापाशीन सगळो जलम काढल्यान."

सातव्या माळेच्या दिवशी उजाडता उजाडता त्याने गोधडी उचलून बाजूला ठेवली. कोणाला साप चावला नव्हता. कोणाच्या बायकोला कळा येत नव्हत्या. कुठून डॉक्टर आणायचा नव्हता. नेम मोडायला निदान एखादे पुण्याचे कारण तरी हवे. तेवढेही त्याच्याकडे नव्हते. त्याला फक्त जायचे होते. सड्यावर गवत पिवळे व्हायला लागले होते. अनवाणी पायांना पेडल गार लागत होते. तो काजीच्या झाडापर्यंत गेला, परतला, पुन्हा गेला. कोणी पाहिले नाही. देवाने पाहिले असेल, पण देव त्या बाबतीत आधीच तटस्थ राहिला होता.

परत आला तेव्हा सुमंगला दारात उभी होती. तिने चाकाकडे पाहिले. तारांत ओले गवत अडकले होते.

"गाय खय शेतात गेली काय?" ती म्हणाली. मग खाली बसून तिने एकेक काडी काढली, जुन्या चिंधीने चाक पुसले आणि गोधडी पुन्हा वर घातली.

त्या दिवसापासून त्याला एकच भीती होती. ढोल वाजतील आणि कोणी येणार नाही.

दसऱ्याच्या तिसऱ्या प्रहरी देवळापुढची जागा माणसांनी भरली. पेडण्याहून पाहुणे, शिवोलीच्या काठावरून माणसे, राजभाषेवरून एकमेकांशी बोलणे टाकलेली दोन्ही बाजूंची तरणी पोरे. झोळीत तरंगाचा बुंधा आला. बाबली शेजारी अब्दागीर घेऊन उभा राहिला. ढोल सुरू झाले. कृष्णनाथाने डोळे मिटले आणि काळोखाची वाट पाहिली.

काळोख आला नाही. ढोल ऐकू येत होते, त्यांतला एक किंचित ढिला होता तेही ऐकू येत होते. पाठीवर घामाचा थेंब उतरत होता. कोणाचे तरी पोर "पाणी, पाणी" म्हणत होते. तो तिथेच होता, सगळाच्या सगळा. खांब जड झाला. पूर्वी तो कधी जड नसे. वर छत्री एका बाजूला कलली आणि गर्दीतून बारीकसा श्वास ऐकू आला. त्याने डोळे किलकिले करून खाली पायांकडे पाहिले आणि खांब आणखी कलला.

मग त्याने डोळे पुरते उघडले. पायांवरून नजर काढली. हातांची मूठ सैल केली. देवळाच्या कौलांपलीकडे, नदीच्याही पलीकडे, शिवोलीच्या बाजूला एक उंच माड होता, त्याच्याकडे तो बघू लागला. खांब थरथरला, सरळ झाला, आणि डोलू लागला. डावीकडे, उजवीकडे, एका माडाला वळसा, दुसऱ्या माडाला वळसा. छत्री गरगरली. लुगड्यांचे रंग एकमेकांत मिसळले. म्हाताऱ्यांनी हात जोडले. असा अवसर बापाच्या वेळेसही पाहिला नव्हता, असे नंतर सगळे म्हणत.

गोकुळदासशेट पुढे आले. पाऊस? भात? गुरे? उत्तरे त्याला पाठ असायला नको होती, पण ती तोंडात होती. "पडेल." "पिकेल." "सुखी राहतील." रघुनाथ मास्तर मान डोलवीत होते. माणसे आपट्याच्या फांद्यांकडे वळू लागली.

"झाड नेमात आसा?"

"आहे" म्हटले की संपत होते. वर्षभर सायकल आणि दसऱ्याला तरंग. कोणाला काही कळले नसते. त्याने तोंड उघडले. देवाचे उत्तर देवाने द्यायचे असते आणि देव आलेला नव्हता. तिथे कृष्णनाथच होता.

"नाय," तो म्हणाला.

गोकुळदासशेट पुढच्या नारळासाठी वाकले होते ते तसेच राहिले. ढोल एकेक करून थांबले.

"झाडान नेम मोडलो."

"कसो मोडलो, देवा?" शेटनी विचारले.

"सड्यार गेलां. सायकल घेवन."

"कित्याक गेलां?"

यावर काही मोठे उत्तर असायला हवे होते. त्याने शोधले. "बरां वाटता म्हणान," तो म्हणाला.

सुमंगला बायकांच्या गर्दीत मागे उभी होती. तिने पदर तोंडावर घेतला, रडायला की हसायला ते कळले नाही.

"मगे देवा, तरंग कोणाच्या हातात देवचो?"

कृष्णनाथाने बाजूला पाहिले. अब्दागिराच्या दांड्यावर बाबलीची बोटे पांढरी पडली होती. वीस वर्षे ज्याची वाट पाहिली ते समोर आलेले पाहून माणसाचा चेहरा सुखी होत असेल असे त्याला वाटत होते. बाबली घाबरला होता.

"बाबलीच्या," तो म्हणाला.

खरे बोलायचे म्हणून तो बोलला, की सायकल सुटू नये म्हणून, हे त्याला पुढेही कधी सांगता आले नाही.

ढोल पुन्हा वाजले. तरंग बाबलीच्या झोळीत गेला, वेडावाकडा डोलला, पण टेकला नाही. कृष्णनाथाने अब्दागीर धरले. ते फार हलके होते.

त्यानंतर त्याची बदनामी व्हायला हवी होती. झाले उलटेच. ज्या देवाने स्वतःच्या झाडाचे पाप भर सभेत सांगितले, त्या देवाच्या खरेपणाला जोड नव्हती. पार पेडण्यापासून माणसे येऊन कृष्णनाथाला बघून जात. इतक्या वर्षांचे खरेखुरे अवसर लोक विसरले आणि जो आला नव्हता तोच तेवढा लक्षात राहिला. फक्त रघुनाथ मास्तर अस्वस्थ होते. नेम मोडला याचे त्यांना फारसे वाटले नाही. देव शेवटी घरच्या बोलीत बोलला याचे वाटले. दुसऱ्या बाजूच्या पोरांनी ते वर्षभर त्यांना ऐकवले.

न राहवून कृष्णनाथ एकदा गोकुळदासशेटना म्हणाला, "शेट, त्या दिसा अंगात कोण नव्हतोच. मीच होतंय."

शेटनी त्याच्याकडे दयेने पाहिले. "तुका कसा कळतला? झाडाक कळता?"

पुढल्या मे महिन्यात गोवा राज्य झाले. फेरीबोट होती त्याच वेळेला सुटत राहिली. फरक एवढाच, की सुटीच्या दिवशी कृष्णनाथ घरी बसत नसे. तो प्रवासी म्हणून बोटीवर चढे, सायकल मांडीला टेकवून उभा राही, आणि उतार पडला की शिवोलीच्या काठावर उतरून पुढे जाई. कुठे जातो असे विचारले तर सांगे, "फुडे."

मग पुन्हा घट बसले. पाचव्या की सहाव्या माळेला तो सकाळी उतारावरून धक्क्याकडे चालला होता. नवा ब्रेक धरून, सावकाश. समोर बाबली अनवाणी चालत होता. पायाला खडे टोचत असावेत. सायकल ऐकून तो थांबला आणि वाटेत आडवा उभा राहिला.

"दादा, एक इचारूचा होता."

कृष्णनाथाने एक पाय टेकला.

बाबलीने मागेपुढे पाहिले. "गेल्या दसऱ्याक माझ्या अंगात कोण इलो नाय. ढोल वाजत होते आणि माका नुसता वाटत होता, आता पडतलंय, आता पडतलंय. औंदा काय करू?"

"पायाकडे बघत होतंस?"

"होय."

"बघू नको. आणि इतको आवळून धरू नको. लांब बघ. नदीपलीकडे एक उंच माड आसा, त्याच्याकडे."

बाबलीचा चेहरा बदलला. वीस वर्षे शेजारी उभा राहून जे कळले नाही ते हे. त्याचा आवाज खाली आला. "ह्यां तुका देवान सांगलेल्यान?"

"नाय. तुझ्या वयनीन."

बाबलीने समजल्यासारखी मान हलवली. अशा गोष्टी उघड सांगायच्या नसतात हे त्यालाही ठाऊक होते. तो वाटेच्या कडेला सरला आणि त्याने डोळे मिटून हात जोडले. कृष्णनाथाचे दोन्ही हात हॅन्डलवर होते, त्यामुळे त्याला उलट नमस्कार करता आला नाही. त्याने घंटी वाजवली.